उसने आकडे, राहून गेलेली मोजणी

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या पहिल्या दोन वर्षांतल्या अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे एरवी होतात त्यापेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज जाहीर केला. जगभरात १ कोटी ४९ लाख. त्याच काळात देशोदेशींच्या सरकारांनी कळवलेले कोविड-मृत्यू होते सुमारे ५४ लाख. सर्वांत मोठी ठिणगी भारताच्या आकड्यावरून पडली : संघटना ४७ लाख म्हणत होती, सरकारी नोंद ४ लाख ८१ हजारांची होती. सिएटलच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ मेट्रिक्स अँड इव्हॅल्युएशन’ने, म्हणजे आयएचएमईने, दोनच महिने आधी जगासाठी १ कोटी ८२ लाख आणि भारतासाठी जवळपास ४१ लाख असा तिसराच अंदाज दिला होता. मग फळ्या पडल्या. एका फळीला त्या आकड्यांत आपला पुरावा सापडला, दुसरीला परदेशी कारस्थान दिसले. ‘तुमचे मॉडेल आम्हाला मान्य नाही’ आणि ‘शास्त्रज्ञ सांगतात ते मान्य करा’ यापलीकडे चर्चा सरकली नाही. मलेरिया असो, वायुप्रदूषण असो, आहार असो; जागतिक रोगभाराचा, म्हणजे कुठल्या आजाराने जगाचे किती नुकसान केले याचा, नवा तक्ता आला की हेच दोन पवित्रे पाहायला मिळतात.

हा वाद चुकीच्या जागी उभा आहे. कुणाचा आकडा खरा, हा त्यातला दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की त्या आकड्यातली माणसे मेली तेव्हा कुणी मोजली होती का, आणि नसतील तर का नाही? माझे म्हणणे सरळ आहे. रोगभाराचा अंदाज हा उसना आकडा असतो. अडीनडीला उसने घेण्यात कमीपणा नाही. पण तीस वर्षे उसनवारीवर घर चालवायचे आणि तिलाच कमाई म्हणायचे, यात हिशेबाची खोट आहे. अंदाज बांधण्याच्या कौशल्यात जगाने १९९०च्या दशकापासून मोठी मजल मारली. माणूस कशाने गेला हे त्याच्या नावासमोर लिहून ठेवण्याचे काम मात्र त्या मानाने मागेच राहिले. मॉडेलवाले, म्हणजे गणिताने असे अंदाज बांधणारे, आणि त्यांचे विरोधक, दोघांनीही या कामासाठी पुरेसा आवाज उठवलेला नाही.

आकडा तयार कसा होतो ते आधी पाहू. पहिल्यांदा एखाद्या देशात, एका वर्षात, प्रत्येक वयोगटात एकूण किती मृत्यू झाले हे ठरवले जाते. नोंदणी पक्की असेल तिथे हे काम सोपे. नसेल तिथे घरोघरच्या सर्वेक्षणांतून बायकांना विचारलेले असते, की तुम्हाला किती मुले झाली, त्यातली किती हयात आहेत, भाऊ-बहिणी किती, त्यातले कोण कधी गेले. त्यावरून मृत्युदर काढतात. दुसऱ्या पायरीला हे एकूण मृत्यू कारणांत वाटले जातात. कारणांच्या नोंदीच नसतील तर शेजारच्या देशाची माहिती, उत्पन्न, शिक्षण, लसीकरण, पाऊसमान असे घटक घेऊन अनेक मॉडेले चालवतात आणि जी मॉडेले बाजूला ठेवलेल्या माहितीशी जास्त जुळतात त्यांना जास्त वजन देतात. संख्याशास्त्रात याला बळ उसने घेणे असेच म्हणतात. आता हे उसने किती मोठे आहे ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगातल्या दर १० मृत्यूंपैकी ४ मृत्यूंची नोंदच होत नाही, आणि आफ्रिकेत १० पैकी जेमतेम १ नोंदला जातो. कारणाची धड नोंद तर त्याहून कमी. तरीही तक्त्यात डेन्मार्कची ओळ आणि दक्षिण सुदानची ओळ एकाच टायपात, सारख्याच दशांशांसह छापली जाते. डेन्मार्कच्या ओळीमागे माणसागणिक एक दाखला आहे. दक्षिण सुदानच्या ओळीमागे बहुतांशी इतर देशांतली माणसे आहेत.

अंदाजांच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा मात्र मान्य केलाच पाहिजे. नोंद झाली नाही म्हणून मृत्यू शून्य ठरत नाहीत. जो देश मोजत नाही त्याच्या रकान्यात रिकामी जागा ठेवली, तर निधी वाटणारा माणूस ती रिकामी जागा शून्य म्हणूनच वाचतो. १९९० पूर्वी परिस्थिती आणखी वाईट होती. प्रत्येक रोगाच्या कार्यक्रमाचे लोक आपापल्या रोगाने मेलेल्या मुलांचा आकडा सांगत, आणि त्या आकड्यांची बेरीज केली तर ती मेलेल्या एकूण मुलांपेक्षा जास्त भरत असे. ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ या संशोधकांनी जागतिक बँकेच्या १९९३च्या विकास अहवालासाठी जो हिशेब मांडला, त्यात एक कडक शिस्त होती : एका मृत्यूला एकच मूळ कारण, आणि सगळ्या कारणांची बेरीज एकूण मृत्यूंइतकीच. ही शिस्त फार मोलाची होती. त्याच हिशेबाने मानसिक आजारांना जगाच्या नजरेसमोर आणले. मृत्यूच मोजत राहिले तर मानसिक व मज्जासंस्थेच्या काही आजारांचा वाटा १ टक्क्याच्या आसपास दिसत होता. आजारपणात गेलेली वर्षे धरली तेव्हा तो १० टक्क्यांच्या वर गेला, आणि १९९०च्या यादीत नैराश्य चौथ्या क्रमांकावर आले. हे काम मॉडेलशिवाय झाले नसते.

आणि पैसा हलतोही. तांझानियातल्या मोरोगोरो जिल्ह्यात १९९०च्या दशकात रोगभार आणि आरोग्यखर्च शेजारी-शेजारी मांडले गेले. अकाली मृत्यूंमुळे गमावलेल्या वर्षांत मलेरियाचा वाटा ३० टक्के होता, १९९६च्या खर्चात त्याला मिळत होते ५ टक्के. क्षयाचा वाटा ४ टक्क्यांहून कमी होता आणि खर्च २२ टक्के. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी खर्चाची फेरमांडणी केली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या बालमृत्यूंमध्ये ठळक घट झाली. रोगभार मोजण्याच्या उपयोगाचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण मोरोगोरोतले ते ३० टक्के आले कुठून? ठरावीक गावांतल्या प्रत्येक घरी वर्षातून काही वेळा जाऊन जन्म-मृत्यू टिपणारे कर्मचारी होते. मृत्यू झालेल्या घरात जाऊन, शेवटच्या आजारपणात काय-काय झाले हे विचारून कारण ठरवले जात होते. तो आकडा शेजारून उसना घेतलेला नव्हता. मॉडेलवाले आपल्या यशाची म्हणून जी उदाहरणे देतात, ती नीट उकलून पाहिली तर बहुतेकांच्या मुळाशी अशी मोजणी सापडते. उलट जिथे मोजणीचा धागा तुटला तिथे मॉडेल किती वाहवते, याचीही उदाहरणे आहेत.

एचआयव्हीचे घ्या. २००६ साली जगात ३ कोटी ९५ लाख लोकांना एचआयव्हीची लागण आहे असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी तो ३ कोटी ३२ लाखांवर आला. सर्वांत मोठी दुरुस्ती भारतात झाली, सुमारे ५७ लाखांवरून २५ लाखांवर. वर्षभरात तीस लाख लोक बरे झाले नव्हते. जुना अंदाज प्रामुख्याने सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायकांच्या आणि जोखमीच्या गटांच्या रक्ततपासणीवर उभा होता. तिथे येणाऱ्या माणसांवरून न येणाऱ्यांचा हिशेब लावला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत घरोघरी रक्ताचे नमुने घेतले गेले आणि निम्म्याहून जास्त आकडा गळून पडला. तो कुठल्या सुधारित समीकरणाने उघडा पाडला नव्हता. कुणीतरी दार वाजवले, बोटाला सुई टोचली, म्हणून कळले.

मलेरियाची गत याहून बोलकी आहे. २०१० सालच्या मलेरिया-मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता ६ लाख ५५ हजार, आणि अनिश्चिततेचा पल्ला, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा ती टोके, ५ लाख ३७ हजार ते ९ लाख ७ हजार. फेब्रुवारी २०१२ मध्ये आयएचएमईने त्याच वर्षासाठी सांगितले १२ लाख ३८ हजार, पल्ला ९ लाख २९ हजार ते १६ लाख ८५ हजार. दोन्ही पल्ले एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत! पल्ला देतो म्हणजे आम्ही आमचे अज्ञान प्रामाणिकपणे सांगतो, असे मॉडेलवाले म्हणतात. ते अप्रामाणिक आहेत असे मीही म्हणत नाही. पण तो पल्ला मॉडेलच्या आतल्या अनिश्चिततेचा असतो. मॉडेलच चुकीच्या गृहीतकावर उभे असेल तर ती चूक पल्ल्यात बसत नाही. इथे भांडण मुख्यतः पाच वर्षांवरच्यांच्या मृत्यूंचे होते. आफ्रिकेतल्या मोठ्या माणसांना लहानपणापासूनच्या संसर्गाने प्रतिकारशक्ती येते, म्हणून ती मलेरियाने फारशी मरत नाहीत, असे एका बाजूचे गृहीतक. मरतात, असे दुसऱ्या बाजूचे. हा वाद सोडवायला लागणारी वस्तू, म्हणजे घरी मेलेल्या मोठ्या माणसांच्या कारणांची नोंद, दोघांकडेही पुरेशी नव्हती.

भारतात त्याच सुमारास वेगळ्या वाटेने प्रयत्न झाला होता. जन्म-मृत्यू नोंदणी पाहणाऱ्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेतल्या हजारो वस्त्यांमध्ये २००१ ते २००३ या काळात झालेल्या सुमारे १ लाख २२ हजार मृत्यूंच्या घरी कर्मचारी गेले. ते डॉक्टर नव्हते. ठरलेले प्रश्न विचारायचे आणि घरच्यांच्या भाषेत अर्धे पान हकिकत लिहून घ्यायची, एवढे त्यांचे काम. ती हकिकत दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचत आणि कारणाचा संकेतांक देत. जुळले नाही तर पुन्हा तपासत, तरीही न जुळल्यास तिसरा डॉक्टर निर्णय देई. यातून मलेरियाचे दरसाल सुमारे २ लाख ५ हजार मृत्यू निघाले, जेव्हा जागतिक आरोग्य संघटना भारतासाठी १५ हजार म्हणत होती. मलेरिया ठरवलेल्या मृत्यूंपैकी ९० टक्के ग्रामीण भागातले होते आणि ८६ टक्के कुठल्याही दवाखान्याबाहेर झालेले. दवाखान्यातल्या नोंदींवरून काढलेल्या आकड्यात ते येणार तरी कसे?

यावर आक्षेप निघाला आणि तो बरोबर होता : घरच्यांच्या सांगण्यावरून मलेरियाचा ताप आणि दुसरा ताप यांत फरक करणे कठीण असते. विचारून कारण ठरवण्याची ही पद्धत, जिला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात, सगळ्या आजारांना सारखी लागू पडत नाही. बाळंतपणातला मृत्यू, अपघात, बुडणे, भाजणे यांत ती भरवशाची आहे. अनेक प्रकारच्या तापांत आणि म्हातारपणी एकत्र आलेल्या आजारांत कच्ची. म्हणून २ लाख ५ हजार या आकड्यावर हात ठेवून मी शपथ घेणार नाही. पण त्याच अभ्यासाने सर्पदंशाचे काय केले ते पाहा. सापाने चावा घेतला हे सांगायला घरच्यांना डॉक्टर लागत नाही. त्या नोंदींतून दरसाल जवळपास ४६ हजार सर्पदंश-मृत्यू पुढे आले, सरकारी दवाखान्यांतून कळवल्या जाणाऱ्या संख्येच्या कितीतरी पट. अशा मोजण्यांमुळेच सर्पदंशाकडे जगाचे लक्ष वळले आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. विचारून काढल्याशिवाय हे मृत्यू कुठल्या मॉडेलच्या हाताला लागले नसते, कारण मॉडेलला जे दिलेले नाही ते त्याला माहीत नसते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंबाबत ‘चॅम्प्स’ या प्रकल्पाने आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या काही ठिकाणी, पालकांची संमती घेऊन, सुईने मृत शरीरातले नमुने काढून तपासले. तेव्हा क्लेब्सिएला न्यूमोनिये हा जिवाणू अपेक्षेपेक्षा फार जास्त मृत्यूंच्या साखळीत सापडला. तोवर तो यादीत इतक्या वर नव्हता.

मृत्यूंचे एवढे, तर आजारपणाचे काय? रोगभाराचे एकक म्हणजे डॅली, निरोगी आयुष्याचे एक गमावलेले वर्ष. अकाली मृत्यूने गेलेली वर्षे अधिक आजारपणात काढलेली वर्षे गुणिले त्या आजाराचे वजन. वजन शून्य म्हणजे पूर्ण निरोगी, एक म्हणजे मृत्यूसमान. अंधत्वाला १९९०च्या हिशेबात ०.६० असे वजन होते; २०१०च्या नव्या फेरीच्या हिशेबात ते ०.१९५ झाले. पूर्ण बहिरेपणाचे २०१०चे वजन होते ०.०३३. म्हणजे १ कोटी बहिऱ्या माणसांचे वर्षभराचे नुकसान ३ लाख ३० हजार वर्षे. २०१३च्या हिशेबात तेच वजन ०.२१५ झाले, आणि त्याच माणसांचे नुकसान २१ लाख ५० हजार वर्षांवर गेले. कुणाचा कान बदलला नव्हता. ही वजने बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया, अमेरिका अशा देशांतल्या सामान्य लोकांना आजारांची दोन-दोन छोटी वर्णने ऐकवून आणि ‘या दोघांपैकी जास्त निरोगी कोण?’ असे विचारून काढतात. वर्णनाची वाक्ये नव्याने लिहिली, बोलण्या-संवादातली अडचण आणि एकटेपणा त्यात आला, आणि उत्तरे बदलली. सुरुवातीच्या हिशेबात तर याशिवाय तरुण वयातल्या वर्षाला बालपण-म्हातारपणातल्या वर्षापेक्षा जास्त मोल होते आणि भविष्यातले प्रत्येक वर्ष ३ टक्क्यांनी कमी धरले जाई. २०१०मध्ये दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. हे निर्णय चांगल्यासाठीच झाले, असे माझे मत आहे. पण ते मूल्यांचे निर्णय आहेत. दोन वेगवेगळ्या वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून ‘अमुक आजाराचा भार वाढला’ असे लिहिणाऱ्याने आधी वजन, आदर्श धरलेले आयुर्मान आणि व्याख्या तीच आहे का हे पाहायला हवे. १९९०च्या हिशेबात आदर्श आयुर्मान, म्हणजे मृत्यूने किती वर्षे गमावली हे ज्याच्याशी ताडून मोजतात ते, पुरुषांना ८०, स्त्रियांना ८२.५ वर्षे होते. २०१०मध्ये दोघांनाही ८६. नुसत्या या बदलानेही तान्ह्या मुलाच्या एका मृत्यूमागे काही वर्षे वाढतात. आयएचएमई प्रत्येक फेरीत मागची सगळी वर्षे नव्या पद्धतीने पुन्हा काढते ती याचसाठी. म्हणून कल पाहायचा तर एकाच फेरीच्या आत पाहावा.

आहार, वायुप्रदूषण अशा जोखमीच्या घटकांचे आकडे सर्वांत डळमळीत, आणि मथळे नेमके त्यांचेच होतात. २०१७च्या रोगभार अहवालात लाल मांस खाण्यामुळे होणारे मृत्यू होते सुमारे २५ हजार. २०१९च्या अहवालात ८ लाख ९६ हजार. दोन वर्षांत जगाच्या ताटात छत्तीस पट बदल झाला नव्हता. आधी दिवसाला साधारण २० ग्रॅमच्या आसपास लाल मांस हे किमान जोखमीचे प्रमाण धरले होते, म्हणजे त्याहून जास्त खाल्ले तरच धोका मोजायचा, नंतर ते शून्य धरले, आणि आजाराशी असलेल्या संबंधाची आकडेवारीही नव्याने मांडली. संशोधकांनी जाहीर हरकत घेतली. पुढे २०२२ मध्ये आयएचएमईनेच पुराव्याला एक ते पाच तारे देण्याची पद्धत आणली, तेव्हा लाल मांसाबाबतचा पुरावा कमकुवत ठरला. चूक उघडपणे तपासली गेली हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवे. पण तोवर ८ लाख ९६ हजार हा आकडा धोरणांच्या कागदांत शिरला होता, आणि तिथून आकडा परत काढणे फार अवघड असते.

‘पण नोंदणी उभी राहायला पिढ्या जातात, तोवर काय करायचे?’ हा प्रश्न नेहमी येतो. त्याला इतिहासात एक उत्तर आहे : मॉडेलबरोबर यादीही ठेवायची. विल्यम फार १८३९पासून इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसात मृत्यूंची कारणे संकलित करत होते. १८४८-४९च्या पटकीच्या (कॉलराच्या) साथीनंतर त्यांनी लंडनच्या प्रत्येक भागातले मृत्यू आणि त्या भागाची थेम्स नदीपासूनची उंची यांची सांगड घातली. उंची वाढेल तसे मृत्यू कमी, इतके नेमके गणित जमले, की सखल जागेतली दूषित हवा पटकी पसरवते हे फारांना सिद्ध झाल्यासारखे वाटले. मॉडेल माहितीशी छान जुळत होते आणि साफ चूक होते. पण फार आपल्या मॉडेलबरोबर मृत्यूंची यादीही ठेवत होते, पत्त्यांसकट. १८५४मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी तीच यादी घेतली, कुठल्या घरात कुठल्या कंपनीचे पाणी येते हे दारोदार विचारले आणि हिशेब मांडला : साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथ कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३७. पहिली कंपनी शहराची घाण मिसळलेले पाणी उपसत होती, दुसरीने उपसा नदीच्या वरच्या अंगाला नेला होता. १८६६च्या साथीत फारांनी स्वतःच पाण्याचा माग काढला. यादी नसती आणि फक्त उंचीचे समीकरण उरले असते, तर स्नो कशाशी ताडून पाहणार होते?

आता मोजणीविरुद्धचा सबळ मुद्दा. मोजणीही खोटे बोलते. जॉन ग्राँट यांनी १६६२ साली लंडनच्या मृत्युपत्रकांवर, म्हणजे किती माणसे कशाने मेली याच्या याद्यांवर, लिहिले तेव्हाच नोंदवले होते, की मृताच्या घरी जाऊन कारण सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना दारू आणि चिरीमिरी दिली, की गुप्तरोगाने मेलेला माणूस क्षयाच्या रकान्यात जातो. साडेतीनशे वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीने मेलेल्या हजारो माणसांच्या दाखल्यांवर क्षय, न्यूमोनिया एवढेच लिहिले गेले. लाज, विमा आणि घरच्यांची विनंती ही कारणे जुनीच. मृत्यूच्या कारणाचा दाखला भरण्याची पद्धत जगभर बहुतांशी सारखीच आहे. पहिल्या भागात अ, ब, क, ड अशा चार ओळी. सर्वांत वर मृत्यूला थेट नेणारी अवस्था, तिच्याखाली ती कशामुळे आली ते, आणि सर्वांत खालच्या भरलेल्या ओळीत मूळ कारण. दुसऱ्या भागात हातभार लावणारे आजार. प्रत्येक ओळीपुढे कालावधी. नीट भरलेला दाखला असा दिसतो : अ) सेप्टिक शॉक, १ दिवस; ब) पोटाच्या आवरणाचा दाह, ३ दिवस; क) आतड्याला छिद्र, ४ दिवस; ड) टायफॉइड, ३ आठवडे; आणि दुसऱ्या भागात मधुमेह. सांख्यिकीत हा मृत्यू टायफॉइडचा होतो, म्हणजे पाण्याचा. कालावधी खाली जाताना वाढत गेला पाहिजे, ही साधी तपासणीही बऱ्याच चुका पकडते. रात्रपाळीचा डॉक्टर मात्र पुष्कळदा एकच ओळ लिहितो : ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’. ती तर प्रत्येकाचीच बंद होते. ‘हृदयक्रिया बंद’, ‘सेप्सिस’, ‘म्हातारपण’ अशा उत्तरांना या क्षेत्रात गार्बेज कोड म्हणतात, आणि मॉडेल त्यांना ठरावीक प्रमाणात खऱ्या कारणांत वाटून टाकते. आपला टायफॉइडचा माणूस त्या वाटपात कुठेही जाऊ शकतो.

पण या मुद्द्यावरून निष्कर्ष काय काढायचा? नोंद कच्ची आहे म्हणून अंदाज बरा, असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये, की अंदाजाचे खाद्यही तीच कच्ची नोंद आहे. कच्ची नोंद सुधारता येते. डॉक्टरला दाखला भरायला शिकवायला काही तास लागतात, दाखले तपासायला आणि शंका आली तर परत विचारायला एक नेमलेला माणूस लागतो, आणि घरी झालेल्या मृत्यूंसाठी गावपातळीवरचा कर्मचारी लागतो, जो दुखवट्याचे दिवस सरल्यावर पण आठवणी पुसट होण्याआधी, शेवटच्या आजारात शुश्रूषा केलेल्या माणसाशी बोलेल. हे काम महासंगणकाचे नाही. वर्षानुवर्षे पगार देत राहण्याचे आहे, आणि म्हणूनच ते मागे पडते.

‘सरकारे आकडे दडपतात, म्हणून बाहेरचा अंदाज हवा’ असेही म्हणतात. अंशतः खरे आहे. पण दडपणाऱ्या सरकारला कोण जास्त अडचणीत आणते ते पाहा. वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत मृत्युनोंदणी झपाट्याने सुधारली; १९९०च्या आसपास जेमतेम निम्मे मृत्यू नोंदले जात, २०००च्या सुमारास प्रौढांचे जवळपास ९० टक्के. २००१मध्ये राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी, ज्यांना एड्सचे गांभीर्यच मान्य नव्हते, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९५च्या जुन्या, एड्सचे मृत्यू थोडेच दाखवणाऱ्या आकड्यांचा हवाला देऊन आरोग्यमंत्र्यांना खर्चाचे अग्रक्रम तपासायला सांगितले. बाहेरून आलेला आकडा त्यांना सोयीचा पडला! त्यांना उत्तर दिले ते देशातल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्याच मृत्युनोंदींवरून. दाखल्यांवर ‘एड्स’ लिहिलेले नव्हते. पण २५ ते २९ वयाच्या तरुणींचा मृत्युदर १९८५च्या सुमारे साडेतीन पट झाला होता, आणि त्या वयात असे मरण दुसऱ्या कशाने येत नाही. वय आणि लिंग एवढीच बिनचूक नोंद असली, तरी लपवलेले कारण उघडे पडते. परदेशी मॉडेल म्हणून तो अहवाल झटकून टाकणे शक्य नव्हते, कारण मृतांची नावे गृहखात्याच्याच रजिस्टरात होती.

म्हणून मागणी अशी हवी. अंदाज प्रसिद्ध करा, पण प्रत्येक देशाच्या, प्रत्येक कारणाच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना छापा : यातले किती मृत्यू प्रत्यक्ष नोंदींतून आले, आणि शेवटची नोंद कोणत्या वर्षाची आहे. २०१६च्या ‘गॅदर’ नियमावलीत अंदाज मांडणाऱ्यांनी पाळायच्या १८ बाबी आहेत, कुठली माहिती वापरली हे सांगण्याचे बंधनही त्यात आहे. पण ती माहिती शेकडो पानांच्या पुरवणीत राहते आणि तक्ता एकटाच फिरतो. रकाना तक्त्यातच हवा. शून्य टक्के नोंदींवर उभा असलेला आकडा वेगळ्या रंगात छापा, पत्रकारालाही तो दिसू दे. आणि जी संस्था, जो दाता अंदाजांवर पैसा खर्च करतो, त्याने ज्या देशांचे आकडे उसने घेतले त्या देशांच्या निबंधक कार्यालयांसाठीही पैसा बाजूला काढावा. सरकारांच्या बाबतीतही माझी भूमिका तितकीच ठाम आहे. ‘तुमचे मॉडेल अमान्य’ म्हणण्याचा हक्क त्याच सरकारला पोचतो, जे त्याच दिवशी आपल्या मृत्युनोंदी महिन्यावार, जिल्हावार, वय-लिंगासह खुल्या करते.

याची निकड आत्ता जास्त आहे. ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज’ ही घरोघरच्या सर्वेक्षणांची योजना १९८४पासून अमेरिकी मदतीवर चालत होती. सुमारे ९० देशांत ४००हून अधिक सर्वेक्षणे तिने केली. बालमृत्यू, मातामृत्यू, लसीकरण, कुपोषण यांबद्दल गरीब देशांतले जे काही खात्रीने माहीत आहे, त्यातला मोठा वाटा त्या प्रश्नावल्यांतून आलेला आहे. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने हा निधी थांबवला. सर्वेक्षण थांबले म्हणून मॉडेल थांबत नाही. त्या देशांच्या ओळी पुढच्या तक्त्यातही भरलेल्या असतील, त्याच टायपात, त्याच दशांशांसह. त्यातल्या कित्येकींच्या मागे एकही नवे घर नसेल.